थेट सिग्नल अडतो तिथे मोबाईलचा ठावठिकाणा कसा काढावा: खानापूरचे जंगल ते बेळगावच्या गल्ल्या

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात रेंज असते तेव्हाही ती बहुतेक वेळा टॉवरवरून सरळ आलेली नसते. जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या बाजूला टॉवर आणि माणूस यांच्यामध्ये डोंगराची सोंड येते, नाहीतर दाट झाडी. सिग्नल समोरच्या उतारावर आपटून, वळसा घेऊन फोनपर्यंत पोहोचतो. बोलणे होते, मेसेज जातो, पण त्या सिग्नलवरून फोनची जागा काढायला गेलो की हिशेब चुकतो. बेळगावच्या खडेबाजारात किंवा शहापूरच्या अरुंद गल्ल्यांत डोंगर नाहीत, पण भिंती आणि पत्रे तेच काम करतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, इंजिनिअरिंगला असलेली आणि या विषयावर प्रोजेक्ट करू पाहणारी मुले. दोन, जंगलात वाट चुकलेल्या माणसाला हुडकायला सर्वांत आधी धावणारे गावकरी आणि ट्रेकर. दोघांनाही एकच गोष्ट पक्की कळायला हवी: अडलेला सिग्नल अंतर वाढवूनच सांगतो, कमी करून कधीच सांगत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी थोडे गणित

रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. टॉवर फोनशी बोलताना सिग्नलला जाऊन यायला किती वेळ लागला हे मोजतो आणि त्यानुसार फोनला किती लवकर उत्तर पाठवायचे ते सांगतो. या आकड्याला टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात, आपण टीए म्हणू. जुन्या टूजीमध्ये टीएचा एक टप्पा सुमारे ५५० मीटरचा असे. फोरजीमध्ये तो सुमारे ७८ मीटरचा आहे. फाइव्हजीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो साधारण ३९ मीटरपर्यंत खाली येतो. फोरजीचा टीए १९ दिसला तर लहरीने कापलेले अंतर १९ गुणिले ७८, म्हणजे सुमारे १,४८० मीटर.

हे अंतर लहरीने कापलेल्या वाटेचे आहे. वाट सरळ असेल तर फोन तेवढ्याच अंतरावर असतो. वाट वळशाची असेल तर फोन त्याहून जवळ असतो. दोन बिंदूंमधली सरळ रेषा सर्वांत लहान असते, म्हणून चूक एकाच बाजूला होते. मोजमापाचा थोडा खडखडाट दोन्ही बाजूंना असतो, पण तो एकदोन टप्प्यांच्या पलीकडे सहसा जात नाही.

पहिली पायरी: टॉवर कुठे आहेत ते पक्के करा

टॉवरची जागा चुकली तर पुढचे सगळे वाया जाते. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात. ‘सेलमॅपर’सारख्या ॲपवर लोकांनी गोळा केलेली माहिती असते. मात्र तिथली जागा बऱ्याचदा अंदाजाने काढलेली असते आणि आपल्याकडच्या डोंगराळ भागात तो अंदाज फसू शकतो. शक्य असेल तर टॉवरच्या पायथ्याशी जाऊन अक्षांश-रेखांश स्वतः टिपा.

कुठल्या टॉवरशी फोन जोडला आहे हे नेटवर्क मॉनिटर प्रकारच्या कुठल्याही ॲपमध्ये दिसते. फोरजीत एक मोठा सेल क्रमांक असतो. त्याला २५६ ने भागले की येणारा पूर्णांक म्हणजे टॉवर आणि उरलेली बाकी म्हणजे त्यावरचा सेल, अर्थात कुठल्या दिशेचा अँटेना. समजा क्रमांक ५१२०१५३९ आहे. भागाकार २००००६ येतो आणि बाकी ३ उरते. बहुतेक टॉवरवर तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंश. कुठली बाकी कुठल्या दिशेची हे टॉवरभोवती चालून एकदा लिहून ठेवा. ही वही पुढे फार कामाला येते.

दोन अडचणी आपल्या भागातल्या खास आहेत. बेळगाव-खानापूर-लोंढा रस्त्याच्या कडेने टॉवर जणू माळेत ओवलेले आहेत. टॉवर एका रेषेत असले की वर्तुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच छेदतात आणि एकाच फोनच्या दोन जागा निघतात. यातली खरी कुठली हे फक्त अँटेनाच्या दिशेवरून ठरते. दुसरी अडचण सीमेची. चोर्ला घाटात किंवा निपाणीच्या पुढे कागलच्या बाजूला फोन शेजारच्या राज्यातला टॉवर पकडतो. दूरसंचार खात्याच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरे, त्यामुळे आपल्या यादीत दोन्हीकडचे टॉवर हवेत.

दुसरी पायरी: फोन तपासून घ्या

सगळेच फोन टीए दाखवत नाहीत. अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे, पण अनेक फोन तिथे २१४७४८३६४७ असा लांबलचक आकडा दाखवतात. त्याचा अर्थ ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढाच. फाइव्हजीचा टीए अँड्रॉइड १४ पासून पुढेच वाचता येतो.

टीए दाखवणारा फोन मिळाला की त्याची परीक्षा घ्या. टॉवर डोळ्यांना दिसतो अशा उघड्या जागी, नकाशावर मोजलेल्या १ किलोमीटरवर उभे राहा. आकडा १३ च्या आसपास यायला हवा. दर वेळी तीनच्या फरकाने जास्त येत असेल तर तेवढे कायमचे वजा करा. अशा तपासणीला येळ्ळूरच्या राजहंसगडासारखी जागा नाही, चहूबाजूंनी मोकळी आणि शहराकडचे टॉवर समोर. फोन निवांत पडलेला असताना टीए शिळा असू शकतो, म्हणून रीडिंग घेताना एखादा कॉल किंवा डाउनलोड चालू ठेवा.

फोन एका वेळी फक्त जोडलेल्या टॉवरचा टीए देतो. त्यामुळे तीनचार टॉवरची अंतरे हवी असतील तर वेगवेगळ्या कंपन्यांची सिम वापरावी लागतात. दोन सिमचे दोन फोन पुरतात. मात्र एकाच टॉवरवर दोनतीन कंपन्यांचे अँटेना असणे नेहमीचे आहे. दोन सिमचे टॉवर एकच निघाले तर ते एकच मोजमाप धरायचे.

तिसरी पायरी: कुठला सिग्नल अडलेला आहे ते ओळखा

इथे घाई केली तर पुढचे गणित कितीही नीट करा, उत्तर चुकते.

एकाच जागी उभे राहून प्रत्येक टॉवरची तीसचाळीस रीडिंग घ्या. थेट सिग्नलचा टीए एकदोन टप्प्यांतच हलतो. आपटून आलेल्या सिग्नलचा टीए उड्या मारतो, कारण कधी एका उतारावरचे परावर्तन वरचढ ठरते, कधी दुसऱ्या. उड्या मारणाऱ्या टॉवरपुढे प्रश्नचिन्ह घाला आणि त्याच्या रीडिंगमधला सर्वांत लहान आकडा धरा, सरासरी नको. चूक फक्त वाढवणारी असल्याने लहानातला लहान आकडा खऱ्याच्या सर्वांत जवळ असतो.

मग नकाशा उघडा. गूगल अर्थमध्ये दोन जागांमधली रेघ ओढून जमिनीचा चढउतार पाहता येतो. टॉवरपासून तुमच्यापर्यंतची रेघ डोंगरातून जाते का? आणि नुसती डोंगराच्या वरून गेली म्हणूनही मोकळी धरू नका. लहरीला रेषेभोवती थोडी जागा लागते. १८०० मेगाहर्ट्झवर २ किलोमीटर अंतरासाठी मध्यावर ही जागा सुमारे ९ मीटर त्रिज्येची असते आणि तिचा साठ टक्के भाग तरी मोकळा हवा. म्हणजे रेघ झाडांच्या शेंड्यांपासून साडेपाच मीटर वर पाहिजे.

आता एक बारकावा, जो पुष्कळदा सुटतो. रेंज कमी आहे म्हणजे अंतर चुकले, असे नाही. समजा टॉवर आणि फोन २ किलोमीटरवर आहेत आणि बरोबर मध्ये १०० मीटर उंच डोंगराची धार आहे. लहर धारेवरून वाकून आली तर तिची वाट जेमतेम १० मीटरने वाढते. सिग्नल फारच अशक्त होतो, पण अंतर जवळजवळ बरोबर राहते. उलट बाजूच्या कड्यावर आपटून आलेला सिग्नल चांगला दणदणीत असू शकतो आणि अंतर मात्र पाचसहाशे मीटरने फुगवतो. म्हणून अशक्त पण स्थिर टॉवर ठेवा. जोरदार पण चंचल टॉवरवर संशय घ्या.

पावसाचा प्रश्न नेहमी येतो. मोबाईलच्या फ्रिक्वेन्सीवर पावसाच्या थेंबांचा परिणाम किरकोळ असतो. ओली, गच्च झाडी मात्र सिग्नल बराच शोषते, आणि वीज गेली की टॉवरच बंद पडतो. उन्हाळ्यात घेतलेली रीडिंग श्रावणात जशीच्या तशी वापरू नका.

चौथी पायरी: जागा काढा, आणि संशयिताला बाहेर काढा

एक कल्पित उदाहरण पूर्ण करून पाहू. एका ठरावीक बिंदूपासून पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर, अशा जोडीने जागा लिहू. चार टॉवर: अ (०, ०), ब (३०००, ०), क (०, २५००), ड (२८००, २१००). मोजलेली अंतरे अनुक्रमे १५००, २०१२, २००० आणि २६०० मीटर.

प्रत्येक टॉवरचे वर्तुळाचे समीकरण लिहून एकातून दुसरे वजा केले की वर्ग निघून जातात आणि साधी समीकरणे उरतात. अ आणि ब मधून: पूर्व = (९०,००,००० − (२०१२ चा वर्ग − १५०० चा वर्ग)) भागिले ६०००, म्हणजे १२००. अ आणि क मधून: उत्तर = (६२,५०,००० − (२००० चा वर्ग − १५०० चा वर्ग)) भागिले ५०००, म्हणजे ९००. जागा निघाली (१२००, ९००).

ही जागा ड टॉवरपासून किती दूर? पूर्वेला १६००, उत्तरेला १२००, म्हणजे २००० मीटर. मोजमाप २६०० सांगते. मोजलेले अंतर ६०० ने जास्त आहे, हे शक्य आहे: ड चा सिग्नल वळशाने आला.

पण अ, ब, क हेच खरे कशावरून? दुसरी त्रिकुटे करून पाहा. अ, ब, ड घेतले तर जागा येते (१२००, २४३). तिथून क टॉवर २५५६ मीटरवर पडतो, पण क चे मोजमाप फक्त २००० आहे. लहर सरळ रेषेपेक्षा साडेपाचशे मीटर आखूड वाटेने येऊच शकत नाही. ही जागा बाद. अ, क, ड घेतले तर (७०७, ९००) येते आणि ब टॉवर मोजमापापेक्षा ४५१ मीटर दूर पडतो. बाद. ब, क, ड मधून (६०५, १८६) येते आणि तीच तिन्ही मोजमापे कमी पडतात. तीही बाद. ड असलेले प्रत्येक त्रिकूट अशक्य ठरले, ड नसलेले एकच टिकले. संशयित कोण, हे वेगळे सांगायला नको.

नियम असा: निघालेल्या जागेपासून टॉवरचे अंतर मोजमापापेक्षा कमी निघाले तर चालते, दीडदोन टप्प्यांपेक्षा जास्त निघाले तर ती जागा खोटी. घाटात टॉवर उंचावर असेल तर आधी उंचीची दुरुस्ती करा. टॉवर २०० मीटर वर आणि मोजमाप १००० मीटर असेल तर जमिनीवरचे अंतर ९८० धरायचे.

टॉवर जास्त असतील तर सगळी त्रिकुटे एक्सेलमध्ये टाका. प्रत्येक उत्तराचा मोजमापांशी किती मेळ बसतो ते पाहा, आणि मेळ चांगला त्याला जास्त वजन देऊन सरासरी काढा. १९९९ साली पी-चुन चेन यांनी मांडलेली पद्धत याच विचाराची आहे आणि प्रोजेक्टसाठी ती आजही उत्तम सुरुवात आहे. तीनही टॉवर अडलेले असतील तर एक बिंदू काढायचा हट्ट सोडा. सगळ्या वर्तुळांच्या आत जो सामाईक भाग येतो तोच उत्तर म्हणून द्या. भाग मोठा असेल, पण खरा असेल.

गल्लीबोळात: अंतर नको, ठसा घ्या

गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या भागात सिग्नल इतक्या वेळा आपटतो की वरच्या रीतीने फारसे हाती लागत नाही. तिथे अडथळ्यालाच खूण करून घ्यावे. प्रत्येक जागी आजूबाजूच्या वाय-फायची ताकद वेगवेगळी भरते आणि भिंती जागच्या हलत नाहीत, म्हणून तो नमुना त्या जागेचा ठसा असतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली ‘रडार’ नावाच्या प्रयोगात इमारतीच्या आत या रीतीने दोनतीन मीटरची अचूकता दाखवली होती.

दर पाच मीटरवर थांबा, चारही दिशांना तोंड करून रीडिंग घ्या, कारण तुमचे शरीरही सिग्नल अडवते. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वाय-फाय स्कॅन मिळतात. अँड्रॉइड १० पासून पुढे ही मर्यादा डेव्हलपर सेटिंगमधून बंद करता येते, ती आधी बंद करा, नाहीतर तुम्ही जुनीच रीडिंग पुन्हापुन्हा लिहीत बसाल. नवी जागा काढताना सर्वांत जुळणाऱ्या तीन ठशांची सरासरी घ्या. लोकांच्या मोबाईल हॉटस्पॉटची नावे यादीतून वगळा, ती आज इथे तर उद्या अनगोळला.

कॉलेजच्या इमारतीत प्रयोग करायचा असेल तर वाय-फाय आरटीटी वापरा, म्हणजे राउटरपर्यंत सिग्नलला जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढणे. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे, राउटरही ती देणारा हवा. मोकळ्यात एकदोन मीटरची अचूकता मिळते, आणि भिंतीआड गेल्यावर चूक पुन्हा वाढत्या बाजूलाच होते. चौथ्या पायरीचा नियम तिथे जसाच्या तसा लागू पडतो.

माणूस हरवला असेल तेव्हा

दुसऱ्याच्या फोनचा माग काढणे तुमचे काम नाही आणि तो अधिकारही तुम्हाला नाही. वरचे सगळे प्रयोग स्वतःच्या किंवा संमती दिलेल्या फोनवरच करा. माणूस हरवला तर ११२ ला फोन करा. कंपनीकडून शेवटचा सेल आणि अंतर पोलीसच मागवू शकतात. सीमेवर तुमचा कॉल शेजारच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो, म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, तालुका आणि गाव सांगा.

हरवलेल्या माणसाशी थोडाही संपर्क होत असेल तर त्याला चालणे थांबवायला सांगा. जवळच उघडी जागा असेल तर तिथे बसून जीपीएस लावायचे. इंटरनेट नसताना फोनला उपग्रहांची माहिती थेट आकाशातून घ्यावी लागते. दरीत अर्धे आकाश झाकलेले असते, त्यामुळे काही मिनिटे फोन स्थिर धरून थांबावेच लागते. मग अक्षांश-रेखांश एसएमएसने पाठवायचे. बोलणे होत नाही तिथेही एसएमएस निसटून जातो. पाठवून झाले की फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा आणि ठरलेल्या वेळी, समजा दर तासाला, पाच मिनिटे चालू करायचा.

संपर्कच नसेल आणि पोलिसांकडून सेल व अंतर कळले असेल, तर नकाशावर काय दिसते पाहा. टीए १९ म्हणजे दीड किलोमीटर. तेवढ्या त्रिज्येचे पूर्ण वर्तुळ सुमारे ७०० हेक्टर भरते. एका अँटेनाच्या दिशेचा तिसरा हिस्सा २३५ हेक्टर. आणि त्यातली फक्त कडेची, ७८ मीटर रुंदीची कमान घेतली तर जेमतेम २५ हेक्टर, म्हणजे साठेक एकर. कमान मोकळ्या माळावर असेल तर तिथेच शोधा. कमान आणि टॉवर यांच्यात डोंगर असेल तर माणूस कमानीवर असण्यापेक्षा तिच्या आत, टॉवरच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. पथकाने कमानीपासून आत यावे, बाहेर भरकटू नये. अंतराचा आकडा बाहेरच्या बाजूला फसवत नाही. अँटेनाची दिशा मात्र फसवू शकते, कारण आपटलेला सिग्नल भलत्याच तोंडाच्या अँटेनाने पकडलेला असू शकतो. आत काही सापडले नाही तर शेजारच्या दिशेचा हिस्सा घ्या.

भीमगड अभयारण्यात वनखात्याला कळवल्याशिवाय आणि स्थानिक माणूस बरोबर घेतल्याशिवाय शिरू नका. गवाळी, आमगाव, पास्टोली इथल्या लोकांना कुठल्या टेकाडावर, कुठल्या झाडाखाली रेंज येते हे तोंडपाठ असते. ती माहिती कुठल्याही ॲपमध्ये नाही, ती आधी विचारून नकाशावर उतरवा.

पथकातल्या निदान एकाकडे हरवलेल्या माणसाच्याच कंपनीचे सिम आणि टीए दाखवणारा फोन असू द्या. चालताना थोड्या थोड्या अंतरावर थांबून, कॉल चालू ठेवून, सेल क्रमांक आणि टीए पाहत राहा. सेल तोच आणि टीए १८ ते २० मध्ये आला की जागा टिपा. सिग्नल आपटून आला असला तरी त्या जागी तो तुमच्याही फोनला तसाच आपटून येतो आणि तोच चुकीचा आकडा देतो, त्यामुळे वळसा किती मोठा आहे हे माहीत असण्याची गरज उरत नाही. अशा टिपलेल्या जागा नकाशावर मांडल्या की दरीतले दोनतीन तुकडे वेगळे दिसू लागतात. त्यातल्या पाण्याजवळच्या आणि पायवाटेजवळच्या तुकड्यापासून हाका मारायला सुरुवात करा.